निदान बदललं म्हणजे जबाबदारी टाळली का? बॉर्डरलाइन, ऑटिझम आणि त्या पोस्टला माझं उत्तर

चाफेकळी

परवा एका समुपदेशक बाईंची पोस्ट सगळीकडे फिरली. मथितार्थ असा, की हल्ली बॉर्डरलाइनचं (भावना आणि नाती सतत अस्थिर ठेवणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराचं) निदान झालेल्या मुली चार रील बघतात, ‘मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे’ असं जाहीर करतात आणि थेरपी सोडतात. कारण बॉर्डरलाइनमध्ये स्वतःला बदलावं लागतं, आणि ऑटिझम म्हटलं की इतरांनी सांभाळून घ्यायचं. खाली ‘अगदी खरं’ म्हणणाऱ्यांची रांग. दोन रात्री ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

२०१२ साली, बावीस वर्षांची असताना मला बॉर्डरलाइन हे निदान मिळालं. स्वतःला इजा करून घेतली होती, रात्री दवाखान्यात नेलं, सकाळी वीस मिनिटं बोलणं झालं. नऊ निकषांपैकी पाच लागतात, माझे सहा भरले. एकेका निकषापुढे खूण झाली. त्या खुणेमागे काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

‘सोडून जाण्याची भीती’ हाच निकष घ्या. माझं लग्न ठरलं होतं. तो सहाला येतो म्हणाला आणि आला आठला. त्या दोन तासांत मी पार कोसळले, तो आल्यावर किंचाळले, भिंतीवर डोकं आपटलं. फाइलमध्ये लिहिलं गेलं: परित्यागाची तीव्र भीती. पण तो मला सोडून जाईल असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. सहाला तो येणार, मग चहा, मग तळ्यापर्यंत चालत जायचं, साडेसातला परत, हे मी सकाळपासून डोक्यात रचून ठेवलं होतं आणि ते मोडलं. तो साडेपाचला आला असता तरी मी अशीच कोसळले असते.

दुसरा निकष, ‘मी कोण हे निश्चित नसणं’. शाळेत एका मुलीची बोलायची ढब मी उचलली, कॉलेजात दुसरीची, हॉस्टेलवर तिसरीची. हसायचं कधी आणि किती, हे आरशासमोर बसवलं. ती अकरावीपर्यंतची तालीम होती. त्याला फाइलीत ‘अस्थिर स्वप्रतिमा’ म्हणतात.

लहानपणी मला आमच्या स्टँडवरून सुटणाऱ्या सगळ्या एसट्यांच्या वेळा आणि थांबे पाठ होते. सहावीपर्यंत कपडे उलटे घालायचे, कारण आतली शिवण टोचायची. लग्नात बँड सुरू झाला की कार्यालयाच्या कोठीघरात जाऊन बसायचे. आई म्हणायची, नाटकं. एकतिसाव्या वर्षी कुणीतरी हे सगळं विचारलं: तीन बैठका, आईशी दीड तास, जुनी प्रगतिपुस्तकं. तेव्हा ऑटिझम हे निदान आलं.

आणि थेरपी मी सोडलेली नाही. पूर्वी गटात बसायचे तेव्हा डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणायची आणि भावना अनावर झाल्या तर बर्फ हातात धरा म्हणायचे. इतरांना त्याने फायदा होत होता. माझा मात्र त्या बर्फानेच तोल जायचा, आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा यायचा. नऊ वर्षं मी स्वतःला वाईट स्वभावाची बाई समजत होते. ते ओझं उतरलं, याला जबाबदारी टाळणं म्हणू नका.

मिरजवाला_डॉक्टर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ती पोस्ट माझी नाही, तिचा सूरही मला आवडला नाही, पण मुद्दा खोटा नाही. माझ्या ओपीडीत महिन्यातून दोन-तीन जणी मोबाइलवर एक्यू या ऑटिझमचा कल मोजणाऱ्या चाचणीचे गुण घेऊन येतात. पन्नास प्रश्न, बत्तीस किंवा त्याहून जास्त गुण, म्हणजे ऑटिझम पक्का. ती २००१ मध्ये केंब्रिजमध्ये तयार झालेली प्रश्नावली आहे. चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. बॉर्डरलाइन असलेल्यांचे गुणसुद्धा तिच्यात चढे येतात.

दुसरं, बॉर्डरलाइन हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, याला आम्ही डॉक्टर जबाबदार आहोत. पण तो आजार बरा होतो हे कुणी सांगत नाही. दहा-दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं निकषांच्या खाली आलेली आहेत. त्याच्यावर खास औषध नाही, ते बोलण्याच्या उपचारांनी सुधारतं, आणि डीबीटीसारखे (अनावर भावना सांभाळायला शिकवणारे) उपचार त्यासाठीच घडवले गेलेत. वीस वर्षांची मुलगी ‘मी जन्मतः अशीच’ म्हणून ते सोडून देते तेव्हा मला तिची काळजी वाटते. चाफेकळीताई, तुमचं निदान नीट झालं. सगळ्यांचं तसं होत नाही.

आणि वीस मिनिटांबद्दल. तुमचा राग रास्त आहे. पण सकाळी ओपीडीत साठ-सत्तर नंबर लागलेले असतात. बालपणाचा इतिहास कुणाकडून घेऊ? बरोबर नवरा आलेला असतो, त्याने तिला लग्नाआधी पाहिलेलं नसतं. आईला फोन लावला तर एकच उत्तर, ‘लहानपणी अगदी शहाणी होती हो.’

चाफेकळी

‘लहानपणी शहाणी होती’ याचा अर्थ गप्प बसायची, पाहुण्यांसमोर त्रास द्यायची नाही. पुढचा प्रश्न विचारायला हवा ना: शहाणी म्हणजे काय करायची?

गोदाकाठ

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. बोलत नाही. शौचाला जायचं कळत नाही. मिक्सर लावला तर स्वतःच्या हाताला चावतो, म्हणून आमच्याकडे चटणी पाट्यावर वाटली जाते. त्याला शाळेत घेत नाहीत, बसमधून उतरवतात. आणि इथे नोकरी करणाऱ्या, लग्न ठरलेल्या, पानभर शुद्ध मराठी लिहिणाऱ्या बाई सांगतात की त्यांनाही तेच आहे जे माझ्या लेकराला आहे.

२०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेने, डीएसएमने, अ‍ॅस्पर्गर (बोलणाऱ्या, हुशार मुलांचा प्रकार) आणि बाकी सगळं ऑटिझमच्या एका टोपलीत घातलं तेव्हापासून हे चाललंय. लोक मला विचारतात, ‘ऑटिझम? मग तो गणितात हुशार असेल!’ आमच्या मुलांचं नाव घेऊन तुम्ही व्यासपीठावर, आणि आमची मुलं घरात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात तीन खेपा घातल्या मी. तिथल्या माणसाने पोराकडे न बघता विचारलं, ‘मारतो का?’

चाफेकळी

ताई, तुमच्या खेपा मी कमी लेखत नाही. पण माझं निदान झाल्याने तुमच्या मुलाचं काही हिरावलं गेलं का? त्या प्रमाणपत्रासाठी ऑटिझम मोजणाऱ्या सरकारी आयएसएए चाचणीत चाळीस मुद्दे आहेत, सत्तरच्या खाली गुण आले की ऑटिझम नाही असं धरतात. मी त्यात बसतच नाही. मला प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, मी मागितलेलीही नाही. मला फक्त माझ्या फाइलवर खरं काय ते हवं होतं.

गोदाकाठ

हिरावलं जातं ते लक्ष. पैसा आणि लक्ष. तुम्हाला ते दिसणार नाही.

जुनी_पानं

इतिहास बघितला तर हा गोंधळ रीलमुळे झालेला नाही, तो मुळातच आहे. रशियात ग्रुन्या सुखारेव्हा या बालमनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९२६ मध्ये सहा मुलांचं वर्णन छापलं, आज वाचलं तर सरळ ऑटिझम. त्यांनी नाव दिलं होतं ‘स्किझॉइड सायकोपथी’. व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गरनी १९४४ मध्ये लिहिलं, त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकातच ‘ऑटिस्टिक सायकोपाथ’ मुलं होती. तेव्हाच्या जर्मन परिभाषेत सायकोपथी म्हणजे आज आपण ज्याला व्यक्तिमत्त्व विकार म्हणतो तेच. १९८१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंगनी ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव पुढे आणलं, त्याचं एक कारण हेच होतं की सायकोपथी म्हटलं की लोकांना गुन्हेगार आठवतो. म्हणजे ऑटिझमची एक अख्खी शाखा व्यक्तिमत्त्व विकाराच्या खोलीतून बाहेर आलेली आहे. मुली मात्र त्या खोलीत राहून गेल्या.

मिरजवाला_डॉक्टर

शेवटचं वाक्य भाषणाला ठीक आहे. सुखारेव्हांनी पुढच्याच वर्षी मुलींवरही लिहिलं होतं, तेही सांगा.

जुनी_पानं

लिहिलं होतं, मान्य. आणि ते किती दशकं कुणी वाचलं नाही, तेही तुम्ही सांगा.

कृष्णाकाठचा

एवढी चर्चा चाललीय, पण घरात राहणाऱ्या माणसाचं कुणी बोलेना. माझं लग्न २०१६ ला झालं. पत्नीला आधीपासून बॉर्डरलाइनचं निदान होतं, गोळ्या चालू होत्या, आणि तिच्या माहेरच्यांनी अवाक्षर काढलं नाही. पत्रिका जुळवली, गुण बघितले, मंगळ बघितला, फाइल दाखवली नाही. तीन वर्षं मी काय काढलं ते माझं मला ठाऊक. रात्री दोनला जीव द्यायला निघायची, सकाळी म्हणायची तुझ्यासारखा नवरा नाही. माझे वडील त्यातच गेले.

आता वेगळं होऊन पाच वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात निरोप आला, ‘तिला बॉर्डरलाइन नव्हतंच, ऑटिझम होता, तुम्ही समजून घ्यायला कमी पडलात.’ म्हणजे चूक परत माझीच. त्या समुपदेशक बाईंनी लिहिलं ते माझ्या घरात घडलंय.

चाफेकळी

तुमचे वडील गेले याचं वाईट वाटतं. पण तिच्या रात्री दोनचं कारण तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का?

कृष्णाकाठचा

विचारलं, ताई. पायरीवर बसून पहाटेपर्यंत विचारलंय. तुम्ही तिथं नव्हता.

काळा_कोट

कुटुंब न्यायालयात बारा वर्षं काम करते म्हणून मध्ये पडते. निदानाचं नाव हा दवाखान्यापुरता प्रश्न नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या स्पष्टीकरणात ‘सायकोपथिक डिसऑर्डर’ हा शब्द आजही आहे: असामान्य आक्रमक किंवा गंभीर बेजबाबदार वागणुकीला कारण ठरणारा मनाचा टिकाऊ विकार, त्यावर उपचार होवोत वा न होवोत. पतीच्या बाजूचा वकील ‘व्यक्तिमत्त्व विकार’ लिहिलेली फाइल घेतो आणि ती या व्याख्येवर ठेवतो. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. मुलाचा ताबा मागताना तीच फाइल परत निघते.

कृष्णाकाठचा

मी फाइल कोर्टात नेली नाही. संमतीनं मोकळे झालो. पण लपवलं त्याचं काय?

काळा_कोट

लग्नाची संमती महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवली असेल तर कलम १२ खाली ते रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून एका वर्षात. तुमची बाजू अगदीच कच्ची नव्हती. मात्र नुसत्या नावावर न्यायालय जात नाही. १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्किझोफ्रेनिया हे नाव चिकटलं एवढ्यावर घटस्फोट नाही, विकाराची तीव्रता किती ते सिद्ध करा. आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ३ म्हणतं, मानसिक आजार ठरला एवढ्यावरून ती व्यक्ती मनोविकल (अनसाउंड माइंड) ठरत नाही, न्यायालयाने तसं जाहीर केल्याशिवाय. हे वाचलेले वकील मला थोडेच भेटतात.

मिरजवाला_डॉक्टर

मग ऑटिझम लिहिलं तर सुटका होते का? त्याच स्पष्टीकरणात ‘मनाची खुंटलेली किंवा अपूर्ण वाढ’ हेही आहे. उद्या कुणी तेही वापरेल.

काळा_कोट

वापरेल. म्हणूनच नाव बदलून कायद्याचा प्रश्न मिटत नाही, हे तुमचं मान्य करते. एवढंच मान्य करते.

गोदाकाठ

लग्न, घटस्फोट, ताबा! माझ्या मुलाचं यातलं काहीच होणार नाही. मी गेल्यावर त्याच्या तोंडात घास कोण घालेल हा माझा प्रश्न आहे.

लेस्टरकर

इंग्लंडहून लिहिते. इकडे सगळं नीट असतं असं कुणी समजू नका. माझ्या नणंदेला इथे ‘इमोशनली अनस्टेबल पर्सनॅलिटी’ हे नाव मिळालं, आयसीडी-१० मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत) बॉर्डरलाइनचं घराणं तेच. पुढे ऑटिझमही ठरला, आणि पहिलं निदान काढलं नाही, कारण दोन्ही खरं होतं. तुम्ही सगळे ‘हे की ते’ करताय म्हणून लिहावंसं वाटलं.

डीबीटी ज्यांनी उभी केली त्या मार्शा लिनेहान यांची मांडणी अशी, की जन्मतः संवेदनशील मूल आणि त्याचं म्हणणं सतत खोडून काढणारं घर, या दोन्हींतून बॉर्डरलाइन घडतं. २०११ मध्ये त्यांनी स्वतःच्या तरुणपणीच्या आजाराबद्दल आणि दवाखान्यात काढलेल्या दिवसांबद्दल जाहीरपणे सांगितलं. आता ऑटिस्टिक मुलीचं घर डोळ्यांपुढे आणा. ‘कुठे आवाज आहे? कुणाला टोचत नाही, तुलाच कसं टोचतं? नाटकं बंद कर.’ दिवसातून वीस वेळा तिला सांगितलं जातं, की तुला जे होतंय ते होतच नाहीये. अशी वीस वर्षं काढलेल्या मुलीला आपल्या भावनांचा भरवसा राहील का? नणंद म्हणते, ऑटिझम माझा आहे, बॉर्डरलाइन मला दिलेलं आहे.

चाफेकळी

दोन्ही असू शकतं, हे माझ्या डॉक्टरांनीही म्हटलं होतं. मला तेव्हा ते ऐकवेना. आजही पूर्ण पटत नाही, माझ्यापुरतं. पण माझ्या आईबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून थांबले. ती वाईट नव्हती. तिलाही लग्नातला बँड सहन व्हायचा नाही, ती पदराने कान झाकून उभी राहायची. कोठीघरात मला शोधायला ती यायची तेव्हा तीही बराच वेळ तिथेच थांबायची.

मिरजवाला_डॉक्टर

लेस्टरकरांचं म्हणणं मला मान्य आहे आणि मी मुळापासून तेच म्हणत होतो.

लेस्टरकर

नाही, डॉक्टर. तुम्ही म्हणत होता की नवं निदान घेऊन मुली उपचार सोडतात. माझी नणंद दुसरं निदान आल्यावर पहिल्यांदा उपचारात टिकली, कारण गटाऐवजी एकटीला वेळ दिला, आज काय बोलायचं ते लिहून दिलं आणि खोलीतला दिवा बदलला.

मिरजवाला_डॉक्टर

बरं. एक चूक कबूल करतो. आमच्याकडे रोजच्या कामात आयसीडी-१० चालत आलं, आणि त्यात ऑटिझमच्या निकषांत आवाज, स्पर्श, उजेड यांच्या त्रासाला स्वतंत्र जागा नव्हती. डीएसएममध्ये ते २०१३ ला निकषात आलं. त्याच पुस्तकात हेही आहे की लक्षणं लहानपणापासून असली तरी शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. २०१२ मध्ये तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मीही तेच निदान लिहिलं असतं, आणि शिवणीबद्दल विचारलं नसतं.

पण दुसरी बाजूही लिहितो, कुणाला राग आला तरी चालेल. सहा वाजता न आलेला माणूस हा ज्यांच्यासाठी खरोखरच सोडून गेलेला माणूस असतो, अशा मुलीही माझ्याकडे येतात. वेळापत्रकाशी त्यांना देणंघेणं नसतं, त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतात. त्यांना ऑटिझम सांगणं ही तितकीच मोठी चूक आहे. त्यांच्या वेदनेला बॉर्डरलाइन हेच योग्य नाव आहे, आणि त्या नावाची लाज वाटू नये यासाठी तुमच्यासारख्यांनी इतकंच पोटतिडकीने लिहावं.

चाफेकळी

हे बरोबर आहे. माझ्या लेखात तो शब्द मी डाग असल्यासारखा वापरलाय. गटातल्या ज्या मुलींना बर्फाने बरं वाटायचं, त्या माझ्या मैत्रिणी होत्या.

कृष्णाकाठचा

तुमचं सगळं वाचलं. एक आठवलं म्हणून लिहितो, माझं मत बदललंय असं समजू नका. आमच्या घरात गणपतीत पाच दिवस पन्नास माणसं असायची. त्या पाच दिवसांनंतरच तिचं प्रत्येक वेळी बिघडायचं. आम्ही म्हणायचो, देवाचं तिला सहन होत नाही. बाहेरचं बघणाऱ्याकडे सुद्धा नेलं होतं. आवाजाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

काळा_कोट

हे तिला कळवा.

कृष्णाकाठचा

बघू.

गोदाकाठ

चाफेकळी, मी तुमच्यावर चिडले होते आणि अजून चिडलेली आहे. पण एक विचारायचंय, कारण माझा मुलगा मला सांगू शकत नाही. मिक्सर लागला की तो हाताला चावतो. कानाला चावत नाही, कान झाकत नाही, हातालाच का? तुम्हाला काही सांगता येईल?

चाफेकळी

त्याचं मला सांगता येणार नाही, माझं सांगते. आवाज कानात राहत नाही. तो दातांत आणि छातीत येतो, सगळीकडून एकदम, आणि माझं अंग कुठे संपतं ते कळेनासं होतं. तेव्हा एका जागी जोरात दाब दिला की निदान ती एक जागा माझी राहते. मी मनगट दाबायचे. सातवीत बेंचची कड दातांत धरायचे.

गोदाकाठ

तो मनगटाच्या वरच चावतो. डाव्या.

चाफेकळी

त्याआधीच कुणी तिथे घट्ट धरलं तर चालतं का त्याला?

गोदाकाठ

मी त्याचा हात सोडवायला जाते नेहमी. धरून कधी बघितला नाही.